गोळी दिली की राहिली

जावा-जावा, उभा दावा असं म्हणतात. या दोघींचा दावा मात्र बसल्या बसल्याच चालायचा. थोरली खिडकीजवळच्या खुर्चीत, धाकटी शिलाईच्या मशीनवर आणि मधे एक टेबल. पडदा ओढ, ऊन डोळ्यांवर येतंय, असं थोरलीनं म्हणायचं. पडदा ओढला तर मला सुईचं नेढं दिसत नाही, असं धाकटीनं म्हणायचं. मग पडदा अर्धा ओढला जायचा आणि दोघींचीही गैरसोय व्हायची.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते एकामागोमाग गेले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत या दोघी उरल्या. थोरलीनं जन्मभर एका कचेरीत टंकलेखन केलं होतं. तिच्या कागदात एका अक्षराची चूक नसायची, साहेब न वाचताच सही करायचे, असं ती सांगायची आणि ते खरंही असावं. धाकटी घरी बसून शिवायची. थोरली कामावर जायची तेव्हा तिची लेक धाकटीच्याच अंगाखांद्यावर वाढली. धाकटीला स्वतःचं मूल नव्हतं. ती लेक आता परगावी एका मोठ्या गोदामाचा कारभार बघायची, महिन्या-दोन महिन्यांनी येऊन जायची आणि रविवारी फोन करायची.

धाकटी अजूनही शिवायची. म्हणजे नवं काही नाही, तयार कपड्यांच्या दुकानातून पँटी यायच्या त्या आखूड करायच्या, चेन बदलायची, कंबर सैल करायची. सत्तरी गाठलेल्या बाईला एवढं पुरे होतं.

औषधांचं काम तिच्याकडे आलं ते असंच, न मागता. थोरलीची साखर जुनी. साखरेनं आधी तिचे पाय बधिर केले, मग डोळ्यांवर हात टाकला. बारीक अक्षर दिसेनासं झालं तेव्हा धाकटी म्हणाली, बघते मी आठवडाभर. तो आठवडा काही संपला नाही.

सकाळी उठल्याबरोबर अनशापोटी थायरॉइडची गोळी. ती घेतली की अर्धा तास चहासुद्धा नाही, आणि चहावाचून थोरलीचा तो अर्धा तास म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाची परीक्षा. मग न्याहारीच्या आधी साखरेची गोळी, न्याहारीनंतर रक्तदाबाची, दुपारी जेवणावर कॅल्शियमची, संध्याकाळी रक्त पातळ करणारी आणि झोपताना डोळ्यांत थेंब. धाकटीची स्वतःचीही रक्तदाबाची एक गोळी होती. ती थोरलीच्या गोळ्या आटपल्यावर घ्यायची, असं तिनं ठरवलेलं होतं.

हे सगळं बटणांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात राहायचं. लांबलचक स्ट्रिपा त्यात मावेनात, म्हणून धाकटीनं शिवणाच्या कात्रीनं कापून त्यांचे एकेका गोळीचे तुकडे केले. तिला ते फार सोयीचं वाटलं. एका तुकड्यावर नावाची दोन अक्षरं उरायची, दुसऱ्यावर नुसता चंदेरी कागद. पण नाव कोण वाचतंय? रंगावरून ओळखू यायचं. साखरेची गुलाबी, रक्तदाबाची पांढरी, रक्त पातळ करणारी पिवळी. पुढे औषधवाल्यानं साखरेची गोळी दुसऱ्या कंपनीची दिली आणि तीही पांढरी निघाली. औषध तेच आहे, काळजी करू नका, असं त्यानं सांगितलं. धाकटीनं मनाशी नोंद केली, जरा मोठी ती साखरेची. एवढ्यावर भागायचं.

कठीण होतं ते वेगळंच. रोज त्याच वेळी, त्याच टेबलावर, त्याच पेल्यातलं पाणी पुढे करून तीच गोळी द्यायची म्हटल्यावर आजचं देणं कुठलं आणि कालचं कुठलं हे कळेनासं होतं. हात पुढे गेलेला आठवतो, पेला परत आलेला आठवतो, पण तो आजचा की परवाचा? धाकटी कधी कधी मशीनवरून उठून डब्यापाशी जायची आणि तुकड्यांकडे बघत उभी राहायची. तुकडे काय सांगणार? ते कधी मोजलेलेच नव्हते.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला? लेकीला सांगावं तर ती तिकडे बसून जिवाला घोर लावून घेईल. थोरलीला सांगावं तर तिच्या ओठांचा तो एक कोपरा वर जाईल, जो लग्नानंतर पहिल्यांदा पोळी करपली तेव्हाही गेला होता.

त्या सकाळी दुकानाचा माणूस शाळेच्या पँटींसाठी लवकरच दाराशी आला. धाकटी तेव्हा टेबलापाशी होती. तिनं दार उघडलं, गठ्ठा पुढे केला, त्याची काहीबाही विचारपूस झाली आणि तो दारातच पँटी तपासू लागला तशी ती परत वळली. टेबलावर पेला होता, अर्धा. थोरली खुर्चीत डोळे मिटून बसलेली.

धाकटीनं विचारलं, "साखरेची गोळी दिली का हो मी तुम्हाला?"

"नाही," थोरली म्हणाली. डोळे न उघडता, टंकयंत्राची कळ दाबावी तसं.

धाकटीनं गोळी दिली. थोरलीनं घेतली. न्याहारी आणायला ती स्वयंपाकघरात वळली, तोच दाराशी थांबलेल्या माणसाला एका पँटीचं माप चुकलेलं सापडलं. ती त्याला आत्ताच हवी होती, गिऱ्हाईक दुकानात बसून आहे म्हणाला. धाकटी मशीनवर बसली. टाके उसवणं, नवी दुमड घालणं, तिला वाटलं होतं तसं पाच मिनिटांचं काम ते नव्हतं. पाव आणि उकडलेलं अंडं स्वयंपाकघरात ताटलीखाली गार होत राहिलं.

माणूस गेला आणि तिनं मान वर केली. थोरलीचा चेहरा तेल लावल्यासारखा चकाकत होता. गळ्याजवळ कपडे भिजून अंगाला चिकटले होते. खुर्चीच्या हातावर तिची दहाही बोटं चालली होती, भरभर, कागद भरावा तशी.

"साहेब," ती धाकटीला म्हणाली, "रिबन संपलीय."

साखर उतरली की काय होतं हे तिला ऐकून माहीत होतं, बघितलं नव्हतं. तिनं पाण्यात साखर कालवली, मान धरून घोट घोट पाजलं. निम्मं पोटात गेलं, निम्मं पदरात. मग जिन्यात जाऊन खालच्या मजल्यावरच्या प्लंबरला हाक मारली. तिचा आवाज असा कधी ऐकलेला नव्हता, म्हणून तो चप्पल न घालताच वर आला. त्यानं आणि त्याच्या बायकोनं थोरलीला खुर्चीसकट उचलून खाली नेलं आणि त्याच्या गाडीत नळ्या बाजूला सारून बसवलं. गोळ्यांचा डबा प्लंबरच्या बायकोनंच आठवणीनं धाकटीच्या हातात दिला.

दवाखान्यात सलाइन लागलं आणि थोड्या वेळानं थोरलीची बोटं थांबली. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "पडदा कुणी काढला?" तेव्हा धाकटी भिंतीला टेकली.

तिथली डॉक्टर तरुण होती आणि धाकटीसारखंच तिच्याही डोळ्यांखाली काळं होतं. गोळी दोनदा गेली असावी, असं धाकटीनंच सांगून टाकलं. या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून उद्यापर्यंत ठेवून घेऊ, असं डॉक्टर म्हणाली. मग तिनं डबा मागितला. झाकण उघडून तिनं तुकडे ट्रेमध्ये ओतले. शिवणकामातून उरलेल्या चिंध्यांसारखा ढीग पडला. तिनं एक उचलला, उलटा केला, उजेडात धरला.

"ही कुठली?"

"साखरेची," धाकटी म्हणाली. "म्हणजे मोठी असेल तर."

डॉक्टर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटलं. स्ट्रिप कापली की नाव जातं, मुदत जाते आणि आम्हालाही काही कळत नाही, एवढंच ती म्हणाली. आणि जाता जाता असंही म्हणाली, की दिली की नाही ते आठवत नसेल तर दुसरी देऊ नका, आधी आम्हाला विचारा. या गोळीची एक वेळ चुकली तर निभावतं, पण दोनदा पोटात गेली की असं होतं.

धाकटी बाकावर बसली होती ती उठेना. उठायला गेली तर समोरची भिंत हलली. नर्सनं बघितलं, तिचा हात धरला आणि दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून तिनं पट्टा सोडला आणि दुसऱ्या दंडाला बांधला. मग विचारलं, "आजी, तुमची गोळी कधी घेतली होती?"

धाकटीनं आठवायचा प्रयत्न केला. आज नाही. काल नाही. मागच्या आठवड्यात औषधवाल्याकडे गेली तेव्हा थोरलीच्या गोळ्या घेतल्या आणि आपल्या आहेत अजून, असं सांगितलं. खरं तर त्या होत्याच, कारण ती घेतच नव्हती. ठरवून सोडली असंही नाही. थोरलीच्या गोळ्यांचा घोळ निस्तरता निस्तरता शेवटी आपली उरायची, आणि मग घेतली की नाही ते आठवायचं नाही, आणि मग जिवावर यायचं. राहिली तर राहिली. आपल्याला काय होतंय.

नर्सनं तिला दुसऱ्या खाटेवर आडवं केलं. मधला पडदा सरकवलेला होता. थोरलीनं मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "तू का झोपलीस?"

"माझा दाब चढलाय," धाकटी म्हणाली.

थोरलीनं मान परत सरळ केली. मग म्हणाली, "मशीनवरचा दिवा बंद केलास ना?"

लेक दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं आली. प्रवासानं आणि काळजीनं तिचा चेहरा ओढलेला होता. दवाखान्यात तिनं कागद घेतले, सह्या केल्या, दोघींना घरी आणलं. घरी आल्यावर तिला स्वयंपाकघरात ताटलीखाली ते कालचं अंडं सापडलं, आणि कशानं कोण जाणे, त्या अंड्यानं तिचा धीर सुटला. मी तुमच्या भरवशावर आईला ठेवलं, असं ती काकूला म्हणाली. स्ट्रिपा कुणी कात्रीनं कापतं का? विचारायचं नाही का कुणाला?

"रोज हजारो खोक्यांचा मेळ लागतो माझ्याकडे," ती म्हणाली. "घरात पाच गोळ्यांचा लागू नये?"

धाकटी पलंगाच्या कडेवर बसून ऐकत राहिली. तिच्या अंगात त्राण नव्हतं. शिवाय जे चाललं होतं ते खोटं कुठे होतं? या पोरीला तिनं ताप आला की मांडीवर घेऊन औषध पाजलं होतं, चमच्यानं, नाक दाबून. ती पोर आज बोलते आहे तर बोलू दे.

"तिला कशाला बोलतेस?" थोरली खुर्चीतून म्हणाली. "तिनं मला विचारलं होतं. दिली का म्हणून. मीच नाही म्हटलं."

लेक वळली. "म्हणजे तू घेतली होतीस?"

"ते मला ठाऊक नव्हतं."

"मग नाही कशाला म्हणालीस?"

थोरलीनं पडद्याची कडा बोटांत धरली आणि सोडली. "आठवत नाही म्हटलं की तुम्ही दोघी एकमेकींकडे बघता," ती म्हणाली. "म्हणून मी हो म्हणते, नाहीतर नाही म्हणते. जे तोंडात येईल ते. त्या दिवशी तोंडात आलं ते 'नाही'."

खाली प्लंबरची गाडी सुरू होऊन गेल्याचा आवाज आला. जन्मभर एका अक्षराची चूक न केलेल्या बाईनं हे बोलून दाखवलं होतं, आणि ते बोलताना ती लेकीकडे नाही, जावेकडे बघत होती.

धाकटी म्हणाली, "मी तरी तुम्हाला का विचारलं? मला आठवत असतं तर विचारलं असतं का? मला महिनोन्‌महिने आठवत नाहीये, जाऊबाई. तुमच्यावर टाकून मोकळी होत होते."

"मला वाटायचं, तू माझी परीक्षा घेतेस," थोरली म्हणाली.

"मी? तुमची?" धाकटीला हसू यायला हवं होतं. तिला नुसतीच धाप लागली.

मग लेक खाली बसली. तिनं आवाज उतरवून सांगितलं, की आता हे असं चालायचं नाही, आईला मी माझ्याकडे नेते. हे तिनं पूर्वीही दोन-तीनदा म्हटलं होतं. त्या प्रत्येक वेळी थोरली म्हणायची, मी माझं घर सोडणार नाही, आणि धाकटी म्हणायची, राहू दे गं, मी आहे ना. आताही थोरली आपलं वाक्य बोलली आणि दोघी धाकटीच्या वाक्याची वाट बघत राहिल्या.

"घेऊन जा," धाकटी म्हणाली. "मी थकलेय."

एवढंच. तिला स्वतःलाच ते ऐकून नवल वाटलं, कारण बोलल्यावर रडू येईल असं वाटत होतं आणि आलं नाही. थोरलीनं तोंड खिडकीकडे फिरवलं. संध्याकाळपर्यंत ती कुणाशी बोलली नाही, आणि जेवताना फक्त मीठ मागितलं.

लेकीनं आठवडाभर रजा घेतली. डबा तिनं ताब्यात घेतला, तुकडे सगळे टाकून दिले आणि औषधवाल्याकडून नव्या अखंड स्ट्रिपा आणल्या. काकू, तुम्ही आता हात लावायचा नाही, असं बजावलं. दोन दिवस सगळं घड्याळाच्या काट्यावर चाललं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं रक्त पातळ करणारी गोळी काढली आणि गोदामातून फोन आला. एक गाडी भलत्याच गावाला माल घेऊन गेली होती. ती बोलत बोलत गॅलरीत गेली, रागावली, समजूत घातली आणि परत आली तेव्हा स्ट्रिपमधली एक जागा रिकामी होती. गोळी टेबलावर नव्हती. पेला पालथा होता.

"आई, घेतलीस ना तू?"

थोरलीनं तिच्याकडे बघितलं. "आठवत नाही," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिनं मान जरा ताठ केली.

लेकीनं काकूकडे बघितलं. काकू आडवी झाली होती, तिनं काही पाहिलं नव्हतं. लेक टेबलाखाली वाकली, खुर्चीची गादी उचलली, आईच्या मांडीवरची चादर झटकली. गोळी नव्हती. म्हणजे बहुतेक पोटात गेली. पण बहुतेकच. दुसरी द्यावी तर रक्त पातळ करणारी गोळी ती, चूक झाली तर भलतंच व्हायचं. न द्यावी तर? शेवटी तिनं दवाखान्यात फोन केला. देऊ नका, उद्या नेहमीच्या वेळी द्या आणि कुठे रक्त येतंय का यावर लक्ष ठेवा, असं तिला सांगण्यात आलं.

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. धाकटी उठून बघायला गेली तर ती ओट्याला टेकून उभी, हातात कोरडाच कप.

"काकू," ती म्हणाली, "इतके दिवस कसं केलंत तुम्ही हे?"

"कुठं केलं?" धाकटी म्हणाली. "चुकलं की."

तिनं पोरीच्या हातातला कप घेतला आणि चहा ठेवला.

त्यानंतरच्या गोष्टी भांडणाशिवाय ठरल्या. कारण भांडायला कुणापाशी बळ नव्हतं. लेकीनं बाजारातून खणांचे दोन डबे आणले, एक निळा थोरलीचा, एक लाल धाकटीचा. आठवड्याचा एकेक वार आणि वारात सकाळ-दुपार-संध्याकाळचे खण. रविवारी सकाळी जेवायच्या टेबलावर स्ट्रिपा पसरून खण भरायचे, आणि भरताना दोघींनी बसायचं, एकीनं नाही. खण रिकामा म्हणजे गोळी गेली, भरलेला म्हणजे राहिली. मग कुणाला आठवायचं कामच नाही.

पहिल्या रविवारी थोरलीनं भिंग मागितलं. धाकटी म्हणाली, मी वाचते ना. थोरली म्हणाली, तू वाच, पण मी बघणार. आणि तिनं भिंगातून प्रत्येक नाव अक्षर अक्षर लावून वाचलं, तोंडानं पुटपुटत. अर्धा तास लागला. धाकटीची मान अवघडली, तिला दुकानाचं काम होतं, ती मनात चरफडली. पण एका स्ट्रिपवर थोरली अडली आणि म्हणाली, हे जुन्या स्ट्रिपवरच्यासारखं नाही. बघितलं तर औषधवाल्यानं धाकटीची रक्तदाबाची गोळी दुप्पट ताकदीची दिली होती. चूक होती की काय म्हणून लेक तरातरा दुकानात गेली, तर दवाखान्यातल्या डॉक्टरनंच ताकद वाढवून लिहिली होती. चूक कुणाचीच नव्हती. थोरली जरा खट्टू झाली.

राहायचं असं ठरलं, की थोरलीनं एक महिना लेकीकडे राहायचं आणि दोन महिने इथे. थोरली म्हणाली, पार्सल आहे का मी, पाठवलं की परत आलं? लेक म्हणाली, पार्सल तरी बरं, ते जिन्यात अडून बसत नाही. धाकटी मधे पडली नाही. तू राहा, असं तिनं म्हणावं म्हणून थोरलीनं दोन दिवस वाट बघितली. मग आपणच आपली बॅग काढायला सांगितली.

त्या सकाळी प्लंबरनं बॅग खाली नेली. थोरली लेकीनं बोलावलेल्या भाड्याच्या गाडीत बसली, निळा डबा मांडीवर धरून. तिनं नुसता हात काचेला टेकवला. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि धाकटी वर आली.

तिला भीती होती, की घर खायला उठेल. तसं काही झालं नाही. आनंदही झाला नाही. तिनं लाल डब्यातली आपली गोळी घेतली, पडदा पूर्ण उघडला आणि मशीनवर बसण्याआधी जरा पाठ टेकावी म्हणून आडवी झाली. उठली तेव्हा ऊन खिडकीतून निघून समोरच्या भिंतीवर गेलं होतं. कुणी हाक मारली नव्हती. आपण भर दिवसा किती वेळ झोपलो, या विचारानं तिला आधी लाज वाटली, मग भूक लागली. तिनं दोन अंडी उकडली आणि गरम असतानाच खाल्ली.

पहिले काही दिवस ती नुसती झोपत होती. दुकानाच्या माणसाला सांगून टाकलं, की काम उशिरा मिळेल, घाई असेल तर दुसरी बाई बघा. त्यानं बघितली नाही. पुढच्या तपासणीत नर्सनं पट्टा एकदाच बांधला.

महिना सरला आणि थोरली परतली. लेक गाडीचं भाडं द्यायला मागे थांबली होती, म्हणून धाकटीच तिला वर आणू लागली. एका हातानं कठडा, दुसऱ्यानं जावेचा दंड. पहिल्या मजल्यावर दोघींना दम लागला आणि दोघी पायरीवरच बसल्या, प्लंबरच्या दारासमोर. थोरलीनं लेकीच्या घराच्या तक्रारी सांगायला घेतल्या. तिथं लिफ्ट आहे पण ती बोलते. जावई इतका गोड बोलतो की संशय येतो. दिवसभर घरात कुणी नसतं, भांडायचं म्हटलं तर कुणाशी भांडणार? गोळ्या मात्र वेळेवर मिळाल्या, दोन वेळा सोडल्या तर.

"मग पुढच्या खेपेला जाणार की नाही?" धाकटीनं विचारलं. तिला उत्तराची धास्ती वाटत होती आणि ती तिनं लपवली नाही.

थोरलीनं तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, जेवढं दिसत होतं तेवढं. "जाणार," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यांखालचं काळं जरा कमी झालंय, असं वाटतं."

खालून लेकीच्या पावलांचा आणि बॅगेच्या चाकांचा आवाज येऊ लागला. ती येऊन पोचायच्या आत उठावं म्हणून दोघींनी कठडा धरला. आधी धाकटी उठली, मग तिनं थोरलीला उठवलं. वरचा जिना अजून चढायचा होता.